ठशाने उघडणारी एसएसडी: आठ महिन्यांचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे छोटे युनिट आहे. फौंड्रीतल्या पंपांचे आणि भट्ट्यांचे कंट्रोल बोर्ड आम्ही स्वतः डिझाइन करतो. त्यांपैकी एक बोर्ड गेल्या वर्षी दुसऱ्याच नावाने बाजारात दिसला, तेव्हा सगळ्या गर्बर फाईल (बोर्ड छापण्यासाठी लागणारे आराखडे) आणि सर्किटचे नकाशे बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या पोर्टेबल एसएसडीवर, म्हणजे खिशात मावणाऱ्या डेटा साठवण्याच्या डिस्कवर, हलवले. 500 जीबीला आठ हजारांच्या आसपास पडले.

कुलूप म्हणून वस्तू चांगली आहे. मजकूर एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात साठतो, आणि स्वच्छ, कोरडे बोट टेकवताच डिस्क उघडते. अडचण आमच्या बोटांची आहे. हा सेन्सर कातडीवरच्या उंचवट्याखळग्यांची विद्युत धारिता (वीजभार साठवण्याची क्षमता) मोजतो. त्या खळग्यांत ग्रीस किंवा साच्याची बारीक वाळू बसली, की तो गोंधळतो. आमच्या फिटर मामांच्या उजव्या अंगठ्यावर तीस वर्षांच्या कानस-पॉलिशपेपरने रेघाच फारशा ठेवलेल्या नाहीत. सात वेळा नकार आल्यावर शेवटी डाव्या हाताची करंगळी नोंदवावी लागली. शिवाय ठसा नाकारला गेला की डिस्क पिन मागते, आणि आमच्याच एका शहाण्याने तो 1234 ठेवला होता.

खरी चूक मात्र खरेदीच्या हेतूतच होती. आमचा बोर्ड फाईल चोरून नक्कल झालाच नव्हता. कोणीतरी तो रीतसर विकत घेऊन, सुटे भाग उकलून, थरांमधले ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या जोडरेघा, उतरवून घेतले होते. अशा चोरीपुढे फाईलवरचे कुलूप काय करणार?

ठसा डिझाइनच्या आतच घालण्याची कल्पना मला म्हणूनच जास्त पटते. इंदूरच्या आयआयटीत अनिर्बन सेनगुप्ता आणि त्यांचे सहकारी चिपमधल्या आयपी कोअरसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या तयार डिझाइनच्या तुकड्यांसाठी, हे काम करतात. डिझायनरच्या ठशात रेघ कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, या बिंदूंवरून शून्य-एकची मालिका तयार होते आणि चिपमधला कोणता आकडा कोणत्या रजिस्टरमध्ये (आकडे तात्पुरते ठेवण्याच्या कप्प्यात) ठेवायचा, यावर ती मालिका जादा अटी लादते. चिपचे काम तेच राहते, पण मांडणीत मालकाची खूण उतरते. वाद झाला तर ही खूण साठवून ठेवलेल्या ठशाशी ताडून पाहता येते. बोट नव्याने टेकवावे लागत नाही, त्यामुळे मामांच्या झिजलेल्या अंगठ्याचाही प्रश्न येत नाही. नक्कल मात्र यानेही थांबत नाही, मालकी तेवढी सिद्ध करता येते.

आमच्यासारख्या बोर्डवाल्यांना हा मार्ग आज थेट उपयोगाचा नाही. 2000 सालचा सेमीकंडक्टर मांडणीचा कायदा नोंदणी केल्यास अर्जाच्या किंवा पहिल्या व्यावसायिक वापराच्या तारखेपासून, जी आधी असेल तिथून, 10 वर्षे संरक्षण देतो, पण तेही चिपच्या आतल्या मांडणीला, छापील बोर्डाला नव्हे.

ही एसएसडी कोटेशन आणि हिशेबाच्या फायलींसाठी ठेवली आहे. त्या कामाला पाचपैकी साडेतीन गुण देईन. दुसरी घेणार नाही. पुढच्या लॉटमध्ये मायक्रोकंट्रोलरचे (बोर्ड चालवणाऱ्या चिपचे) लॉक बिट, म्हणजे आतला प्रोग्राम वाचू न देणारी सोय, चालू करूनच बोर्ड बाहेर पाठवणार आहोत, म्हणजे ट्रॅक उतरवले तरी आतला प्रोग्राम सहज हाती लागणार नाही.