फिल्म क्लबचं एक वर्ष, आणि सतरंजीवरची जागा

वर्षाची वर्गणी ८०० रुपये. महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी साडेसहा, कोल्हापुरातल्या एका जुन्या इमारतीतला पत्र्याचा हॉल. क्लबचं नाव लिहीत नाही. संयोजक भली माणसं आहेत, त्यातले एक माझ्या प्रेसचं जुनं गिऱ्हाईक. हे वाचून त्यांनी मुलीची लग्नपत्रिका दुसरीकडे छापू नये, एवढीच इच्छा.

हॉल सपाट, खुर्च्या प्लास्टिकच्या. तिसऱ्या रांगेच्या मागे बसलात तर सबटायटलची खालची ओळ पुढच्याच्या डोक्याआड जाते. मला इंग्रजी वाचायला आधीच वेळ लागतो, त्यात निम्मं वाक्य गायब. प्रोजेक्टर निळा मारतो. माझ्या मशीनवर असा कागद निघाला असता तर मशीन थांबवून शाई कमी केली असती.

जुलैत जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) होता. उशीर झाला, खुर्ची मिळेना, म्हणून पुढे पोरांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर मांडी घातली. आणि काय सांगू! ओझू कॅमेरा जमिनीलगत ठेवतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. पडद्यावर म्हातारा-म्हातारी खाली बसलेली, इकडे मी खाली बसलेला. त्यांच्याच घरात पाहुणा म्हणून बसल्यागत वाटलं. सबटायटलही सगळी दिसली. पत्र्यावर पाऊस मात्र असा कोसळत होता की एक शब्द ऐकू आला नाही. जपानी येत नसल्यामुळे फारसं बिघडलं नाही.

खरी तक्रार प्रस्तावनेची. २५ मिनिटं, तीही शेवटासकट. इराणी दिग्दर्शक किआरोस्तमीच्या ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस’ला (१९८७) शेवटी वहीत फूल निघतं हे आम्हाला सिनेमा सुरू व्हायच्या आधीच कळलं होतं. निवडही एकांगी: बारापैकी आठ सिनेमे युरोपातले, आफ्रिकेतला एकही नाही, मराठी एकच, ‘कोर्ट’. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ साली आपल्या कोल्हापुरात झाली हे मात्र दर महिन्याला कोणीतरी उठून सांगतं. १९३३ ला ती पुण्याला गेली, हे कोणी काढत नाही.

तरी वर्गणी परत भरली, ती सिनेमानंतरच्या भांडणांसाठी.

किआरोस्तमीच्या दिवशीचंच घ्या. मित्राची वही चुकून आपल्याकडे आली, उद्या गृहपाठ वहीत नसेल तर मास्तर त्याला शाळेतून काढणार, म्हणून अहमद शेजारच्या गावी पळत सुटतो. मोठी माणसं त्याचं ऐकूनच घेत नाहीत. आजोबा खिशात सिगारेट असताना त्याला सिगारेट आणायला पिटाळतात, का तर शिस्त लागावी. वर सांगतात, माझा बाप आठवड्याला एक पैसा द्यायचा आणि पंधरवड्याला मार. पैसा कधीमधी विसरायचा, मार कधी नाही. हॉल हसला. दिवे लागल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक उठले, “हसताय काय? काय चुकलं ओ आजोबांचं?”

झालं! पाऊण तास नुसता कालवा. चहा आला, गार झाला. एक ताई म्हणाल्या, त्या आईला तरी दोष देऊ नका, धुणं आणि तान्हं बाळ एकाच वेळी सांभाळून बघा. मग त्यांच्याबरोबर आलेला दहाएक वर्षांचा मुलगा बोलला. “अहमदनं मित्राचा गृहपाठ स्वतःच लिहिला ना? मग दोन्ही वह्यांत एकच अक्षर आहे, हे सरांना कळलं कसं नाही?”

मुख्याध्यापक जरा थांबले. म्हणाले, “कळतं की, बाळा. कळूनही सही करतो आम्ही कधी कधी.” आणि खाली बसले. त्यानंतर कुणी बोललं नाही.

असं घरी टीव्हीपुढे बसून मिळत नाही. ज्यांना यायचंय त्यांनी सहा वाजताच या, म्हणजे प्रस्तावनेच्या वेळी बाहेर चहा पिऊन आत येता येतं. सतरंजीवर खांबाशेजारची जागा सोडून कुठेही बसा. तिथं माझी पिशवी असते.