मोठा लूअर की छोटा? मासे शहाणे झालेल्या तलावावर काय निवडायचं

माझा भाचा कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ राहतो आणि लार्जमाउथ बास या अमेरिकी शिकारी माशाच्या मागे लागलेला आहे. हिवाळ्यापासून त्याचं एकच पालुपद आहे, ‘मामा, मोठा लूअर सोडून देऊ का?’ (लूअर म्हणजे गळाला लावायचं नकली आमिष.) इथे इंदूरला आमच्या रामबागेतल्या दोघातिघांना हाच प्रश्न मरळीच्या बाबतीत पडलाय. बास आपल्याकडच्या गावतलावांत नाही, पण अडचण तीच आहे. तलाव शहराला लागून, काठावर रोज कुणी ना कुणी गळ टाकून बसलेलं, माशांनी सगळे रंग-आकार पाहून घेतलेले, आणि आपल्या हातात असा लूअर की ज्याला कितीही फेकलं तरी काही लागत नाही. अशा वेळी मोठ्यालाच चिकटून राहायचं की छोट्याकडे वळायचं? दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो, आणि माझा कल कुठे आहे तेही सांगतो.

मोठा म्हणजे किती, हे आधी ठरवून घेऊ. बासवाले मोठा म्हणतात तो वीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब स्विमबेट नाहीतर ग्लाइडबेट, म्हणजे पोहत्या माशासारखे दिसणारे लूअर. ट्राउट माशाच्या रूपातला आठ इंची रबरी लूअर दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे होळकर स्टेडियमवर खेळतात तो क्रिकेटचा चेंडू जवळजवळ, आणि तो सकाळभर फेकत राहायचा. दुसऱ्या टोकाला नेड रिग: सात सेंटिमीटरचा रबराचा तुकडा आणि मशरूमच्या आकाराचं शिसं, सगळं मिळून पाच-सहा ग्रॅम. मरळीसाठी हे अंतर इतकं मोठं नाही. आपल्याकडे दहा-बारा सेंटिमीटरचा लूअर मोठा, आणि चार-पाच सेंटिमीटरचा रबरी बेडूक छोटा.

मोठ्या लूअरची ओढ आली कुठून हे पाहिलं की निर्णय निम्मा सोपा होतो. सॅन दिएगोच्या तलावांत १९५९ साली फ्लोरिडाकडचा बास आणून सोडला. हा जातीनेच मोठा होणारा मासा. त्याच भागातल्या तलावांत थंडीत शौकिनांसाठी रेनबो ट्राउट सोडतात. बासना आयतं, लठ्ठ खाणं मिळालं आणि ते अवाढव्य झाले. मग ट्राउटच्याच मापाचे, ट्राउटच्याच रंगाचे लूअर निघाले. थोडक्यात, मोठा लूअर हा एका ठरावीक पाण्याचा हिशेब आहे. तुमच्या तलावात मोठं भक्ष्य आहे का, हा पहिला प्रश्न. आपल्याकडे पावसाळ्यानंतर मत्स्य सहकारी संस्था रोहू-कटल्याची बोटुकली सोडतात, तिलापिया तर सगळीकडे झालाय, बेडूक आहेतच. मरळीचं पोट यावरच भरतं. त्यामुळे वीस सेंटिमीटरचा रबरी ट्राउट इथे आणून मिरवण्यात अर्थ नाही. बारा सेंटिमीटरच्या पुढे मी जात नाही.

‘मोठ्या माशाला मोठा लूअर’ हे वाक्य मात्र तपासून घ्यावं. बासचा जागतिक विक्रम दोघांच्या नावावर आहे. जॉर्ज पेरीने २ जून १९३२ रोजी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा मासा काढला. मानाबू कुरिता यांनी २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा तलावात १०.१२ किलोचा काढला. तो पेरीच्या माशापेक्षा रेसभर जास्त होता, पण फरक नियमात बसण्याइतका नव्हता, म्हणून दोघेही बरोबरीत. कुरितांच्या गळाला जिवंत ब्लूगिल हा छोटा मासा होता. १९९१ साली बॉब क्रुपी यांनी कास्टेइक तलावात २२ पौंडांचा बास काढला, तो जिवंत क्रेफिशवर, म्हणजे नदीतल्या झिंग्यासारख्या छोट्या प्राण्यावर. आणि एस्कॉन्डिडोच्या डिक्सन लेकमध्ये २००६ साली मॅक वीकली यांच्या गळाला जो मासा आला तो काट्यावर २५ पौंड १ औंस भरला. लूअर कोणता, तर पांढरा जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा छोटा लूअर. गळ तोंडाबाहेर रुतला होता, म्हणून विक्रमाचा दावा न करता त्यांनी तो सोडून दिला. डिक्सन काही मोठा जलाशय नाही, जेमतेम सत्तर एकरांचा, आणि काठावर कायम गर्दी.

यावरून मला जे पटलं ते असं: मोठा लूअर लहान मासे गाळून टाकतो, एवढंच त्याचं खात्रीचं काम. गाळल्यावर मागे कुणी उरलं असेल तर तो मोठा. अर्धा किलोचे मासे रोज मिळतात आणि त्यांचा कंटाळा आलाय, असं ज्याचं झालंय त्याला ही चाळणी उपयोगी पडते. ज्याला अजून तलावच कळलेला नाही, त्याच्या हातात ती दिली तर सगळंच गळून जातं.

आता गर्दीच्या तलावात मासा नेमकं काय करतो ते पाहू, कारण हिंमत टिकणं न टिकणं यावर अवलंबून आहे. अमेरिकेत इलिनॉयमधल्या रिज लेक या तलावावर संशोधकांनी चार वर्षं गळाला लागलेला प्रत्येक बास मोजून, खूण करून परत पाण्यात सोडला. शेवटी तलाव उपसला तेव्हा १७०० हून जास्त बास निघाले. त्यांतले सुमारे २०० मासे चारही वर्षं त्याच पाण्यात असून एकदाही लागले नव्हते. उलट एक मासा एकाच वर्षात १६ वेळा लागला होता. पुढे पटकन लागणारे आणि न लागणारे अशा माशांचे दोन वेगळे वंश वाढवले, तर पिढ्यांगणिक दोन्हींतला फरक वाढत गेला.

रिकाम्या हाताने घरी येणाऱ्या माणसाने हे नीट वाचावं असं मला कळकळीने वाटतं. तलावात मासे भरपूर असूनही बरेचसे जवळ येणारच नाहीत, आणि ते तुमच्या फेकण्याचं अपयश नव्हे. छोट्या लूअरच्या बाजूने यातून काय निघतं? छोटा लूअर जे मासे देतो त्यांत तेच ते पुन्हापुन्हा लागणारे असण्याची शक्यता बरीच. मोठ्याच्या बाजूने काय? तो त्या दोनशेंना बाहेर काढेल, असं मात्र या प्रयोगातून निघत नाही. तसं कुणी विकत असेल तर घेऊ नका.

इथे मरळ आणि बास यांच्यात एक फरक आहे आणि तो आपल्या फायद्याचा आहे. मरळीला हवेतला श्वास घ्यावाच लागतो. म्हणजे कितीही शहाणी झाली तरी ती वर येते आणि तुम्हाला दिसते. थंडीतली सकाळ, शिंगाडा लावलेला तलाव, पाणी काचेसारखं. पानांच्या फटीत एक बारीक ‘गुळुप’ होतं आणि कडेची दोन पानं उलटी होऊन लालसर पाठ दाखवतात. बेडूक त्या जागेच्या हातभर पुढे टाकायचा, ओढत पानाच्या कडेला आणायचा आणि तिथे थांबवायचा. थांबवणं सगळ्यात अवघड. मग पानाखालून दोन-तीन बुडबुडे वर येतात, बेडूक किंचित हलतो, आणि एकतर काहीच होत नाही किंवा पाण्यात खळगा पडून बेडूक नाहीसा होतो. ‘काहीच होत नाही’ हे बहुतेकदा. पण मासा तिथे होता, त्याने पाहिलं, हे तुम्हाला कळलेलं असतं. बासवाल्याला इतकं साधं चिन्ह मिळत नाही.

त्याला जे मिळतं ते मोठ्या लूअरमुळेच मिळतं. स्वच्छ पाण्यात ग्लाइडबेट डावीकडे-उजवीकडे झुलत येतो, आणि त्याच्या मागे हातभर अंतर ठेवून एक काळपट सावली येते. लूअर थांबला की ती थांबते, फक्त पुढचे पर हलत राहतात, आणि किनाऱ्याजवळ आली की वळून जाते. भाच्याने अशा वेळा, जागा, वारा, ऊन वहीत मांडायला सुरुवात केली तेव्हापासून त्याचा आवाज बदलला. मासा लागला नाही तरी सावली कुठून निघाली हे त्याला सांगता येतं. पाच ग्रॅमचा रबराचा तुकडा तळाशी पडून असतो, त्याच्यामागे कुणी आलं तरी आपल्याला दिसत नाही. मोठ्या लूअरला धरून राहायचं तर मोजायचं काय, हेच बदलावं लागतं: लागलेले मासे नव्हेत, दिसलेले मासे. ज्याला हे मानवत नाही त्याने खुशाल छोटा घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

छोट्याचं बळ वेगळं आहे. टिचक्या मिळत राहतात, हात जागा राहतो. बुडालेलं झाड कुठे, खडकाची पायरी कुठे, खोल कुठे, हे बोटांना कळतं. नव्या तलावावर छोट्याइतका चांगला शिक्षक नाही. धोका एकच: छोटे मासे जिथे मिळतात तिथेच आपण घुटमळू लागतो, आणि मोठ्यांच्या जागा मागे राहतात.

खांदा, मनगट आणि खिसा यांचं थोडक्यात. मोठा लूअर दमवतो, आणि दमलेला माणूस वाईट फेकतो. हाताने बनवलेला चांगला ग्लाइडबेट झाडात अडकून गेला की आठवडाभर मन लागत नाही, कारण त्या पैशांत छोट्यांचा डबा भरला असता. माशाच्या बाजूने पाहिलं तर मोठ्या लूअरच्या जाड दोरीवर मासा लवकर किनाऱ्याला येतो. पातळ दोरीवर उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तो फार वेळ झुंजला की परत सोडल्यावरही जगेलच असं नाही. सोडूनच द्यायचा असेल तर हा मुद्दा मी वर ठेवतो.

आता निवड. बहुतेक जण सांगतात, दोन्ही रॉड न्या, एक नाही चालला तर दुसरा. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. दोन्ही नेले की मोठा लूअर कधीच नीट टाकला जात नाही. वीस-पंचवीस कास्ट कोरडे गेले की हात आपोआप छोट्याकडे जातो, आणि थोड्या वेळाने माणूस परत मोठा उचलतो तो अर्ध्या मनाने. दिवस कसला आहे हे घरून निघतानाच ठरवा आणि एकच रॉड घेऊन निघा.

मोठ्याचा दिवस कोणता? ढगाळ, वारा सुटलेला, पाण्यावर लाटा, नाहीतर अगदी पहाट. पृष्ठभाग हलता असला की माशाला लूअर निरखायला वेळ मिळत नाही. तलाव ओळखीचा, आणि वेळ जेमतेम दोन-तीन तासांचा असला तर अजून चांगलं, कारण तेवढा वेळ लक्ष टिकतं. माळव्यातल्या काळ्या मातीचं पाणी पावसानंतर गढूळ होतं, तेव्हा पाणी जोरात ढकलणारा मोठा बेडूक मरळीला लांबूनच जाणवतो. छोट्याचा दिवस म्हणजे लख्ख ऊन, वारा पडलेला, पाणी स्वच्छ, रविवारची गर्दी, किंवा तलाव नवा. मुलाला बरोबर नेताय? मग विचारच करू नका, छोटा.

आणि जो खरंच टेकीला आलाय, ज्याला आता जाववतच नाही, त्याने काही खेपा फक्त छोटाच न्यावा. मोठा घरी कपाटात राहू दे. यात हार नाही. मन परत पाण्याशी जोडलं गेलं पाहिजे, आणि ते मासा हाताला लागल्याने जितकं जोडलं जातं तितकं उपदेशाने नाही. नंतर ढगाळ दिवस पाहून मोठा काढावा.

दोन गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच लागू. बास असो की मरळ, अंडी-पिल्लं राखणाऱ्या माशावर लूअर टाकू नये. पावसाळ्यात मरळीची पिल्लं घोळक्याने वर येतात आणि खाली आई-बाप असतात. ते चिडून झडप घालतात म्हणून लागतात सहज, पण मागे पिल्लं उघडी पडतात. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, ती याचसाठी. शिवाय तलाव कुणाच्या ठेक्यात आहे ते विचारून परवानगी घ्यावी. इंदूरचे यशवंत सागर आणि सिरपूर हे तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, तिथे तर विचारल्याशिवाय गळ काढूच नये.

एकच रॉड घ्यायचा असेल आणि तो इंदूरच्या आसपास वापरायचा असेल, तर सात फुटी मीडियम-हेवी घ्या आणि त्यावर तीस-चाळीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, भरा. शिंगाड्याच्या वेलांतून मरळ ओढून काढायला तेवढी ताकद लागतेच. त्यावर बारा सेंटिमीटरचा लूअर आरामात जातो आणि आठ-दहा ग्रॅमचा बेडूकही बऱ्यापैकी. सॅन दिएगोत मात्र हे चालणार नाही. दीडशे ग्रॅमला वेगळा रॉड हवा, पाच ग्रॅमला वेगळा, आणि तिथे पहिला पैसा मी पाच ग्रॅमवाल्यावर घालेन.