व्यसनातून उठलो आणि कोर्सच्या कर्जात अडकलो

दारू सुटून मला तीन वर्षं आणि पाच महिने झाले. नाव लिहीत नाही. दारू सोडलेल्यांच्या ज्या मीटिंगला मी दर गुरुवारी जातो तिथे अनामिक राहायचं असतं. तो नियम मी एकदा मोडला. त्यातून काय काय झालं ते सांगायला बसलोय.

मी नाशिकचा. सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. अकरा वर्षांची नोकरी दारूपायी गेली. शेवटी बायको आणि धाकटा भाऊ मला पुण्याला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेले. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभी केलेली ती जागा. मी वाईट नाही, आजारी आहे, हे तिथे मला पहिल्यांदा पटलं. बाहेर पडलो तेव्हा चाळिशी उलटली होती, मुलगी दहावीला होती आणि हाताला काम नव्हतं.

सायबर सिक्युरिटीकडे मी निव्वळ पगारासाठी वळलो नाही. मीटिंगमध्ये तरुण पोरांचं शेअरिंग ऐकताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर यायची. पिण्यासाठी, नाहीतर ऑनलाइन रमीसाठी, लोन ॲपवरून पाच हजार उचललेले. ॲपने फोनमधले सगळे नंबर काढून घेतलेले. आणि मग मामाला, सासऱ्याला, साहेबाला घाणेरडे फोटो जोडून मेसेज. सुटलेली पोरं या धास्तीने परत प्यायला लागायची. मला वाटायचं, फोनमधलंही कळतं आणि व्यसनातलंही कळतं असा कुणीतरी आपल्यात हवा. तो मीच का होऊ नये?

हे मी एका इन्स्टिट्यूटच्या काउन्सेलर बाईंना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. फसवणूक तिथून सुरू झाली.

त्याआधी ९९ रुपयांचा वेबिनार झाला होता. मग 'स्कॉलरशिप टेस्ट', वीस प्रश्नांची. मला ४२ टक्के स्कॉलरशिप मिळाली. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, माझ्या बॅचमध्ये ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाला तेवढीच मिळाली होती. एक लाख पंचेचाळीस हजारांची फी चौऱ्याऐंशी हजारांवर आली. बाई फार आदराने बोलायच्या. "सर, तुम्ही आयुष्याची किती वर्षं गमावलीत, आता आणखी एक महिनाही घालवू नका." रात्री नऊला फोन: सीट आजच्या आज लॉक करावी लागेल. बायकोला विचारतो म्हटलं, तर म्हणाल्या, "सर, तिला सरप्राइज द्या ना. नोकरीचं लेटरच हातात ठेवा."

व्यसनातून उठलेल्या माणसाला गेलेली वर्षं भरून काढायची केवढी घाई असते, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. लेकीसमोर एकदा तरी ताठ उभं राहायचं असतं. त्या बाईंनी माझी घाई मलाच विकली.

पैसे नव्हते. त्यावर त्यांच्याकडे उपाय तयार होता, 'नो कॉस्ट ईएमआय', दरमहा सात हजारांचे बारा हप्ते. एक लिंक आली. पॅन, आधारचा ओटीपी, सेल्फी, डेबिट कार्ड. "हे फक्त रजिस्ट्रेशन आहे सर," असं त्या फोनवर सांगत होत्या आणि मी एकेक ओटीपी टाकत होतो. सव्वादहाला सगळं झालं. ते रजिस्ट्रेशन नव्हतं. ते एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं, आणि हप्ता खात्यातून आपोआप कापून घ्यायची परवानगीही मीच दिली होती.

हा व्यवहार कसा चालतो ते सांगतो, कारण मला ते फार उशिरा समजलं. फायनान्स कंपनी फीची रक्कम, स्वतःचा वाटा कापून, एकदम इन्स्टिट्यूटला देऊन टाकते. इन्स्टिट्यूटचं काम तिथेच संपतं. क्लास चालो न चालो, तुम्ही कंपनीचे देणेकरी. हप्ता थांबवला की बाउन्स चार्ज, वसुलीचे फोन आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब. बिनव्याजी वगैरे काही नसतं, व्याज आधीच फीत घातलेलं असतं. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं.

कर्जाचा करार ईमेलवर आला होता, तेवीस पानी, इंग्रजीत. त्यातल्या एका पानावर अटींचा गोषवारा होता, 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात तो. डिजिटल कर्ज देणाऱ्याने तो द्यायचा असतो, आणि कर्ज मोडून बाहेर पडायला कूलिंग-ऑफची मुदतही द्यायची असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरला की दंड न भरता सुटता येतं. माझ्या करारात ती तीन दिवसांची होती. मी ते पान उघडलं चाळिसाव्या दिवशी.

पहिले तीन आठवडे क्लास खरंच झाले. शिकवणारे सर चांगले होते, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. नेटवर्क म्हणजे काय, लिनक्स ही विंडोजसारखी संगणकप्रणाली म्हणजे काय, ते त्यांच्याकडून समजलं. सोशल इंजिनिअरिंगचा, म्हणजे माणसाला बोलण्यात गुंतवून कसं फसवतात त्याचा, तासही त्यांनीच घेतला. घाई करायची, गोड बोलायचं, जवळच्या माणसांपासून तोडायचं आणि मग विचार करायला वेळ द्यायचा नाही. वहीत हे उतरवून घेताना माझा हात थांबला. रात्री नऊचा तो फोन डोळ्यासमोर आला. तरी मी गप्प बसलो. चौथ्या आठवड्यात सर गेले. मग रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आले, तेही निम्मे चालेनात. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करून टाकलं. 'नोकरी नाही तर पैसे परत' या हमीची अट अशी निघाली की ९० टक्के हजेरी हवी, आणि रेकॉर्डिंग बघितलं तर ती हजेरी धरत नाहीत.

व्हिडिओचं सांगायचं राहिलं. पहिल्याच आठवड्यात काउन्सेलर बाईंनी विचारलं होतं, "तुमची गोष्ट इतरांना बळ देईल, दोन मिनिटं बोलाल का?" मी बोललो. तोंड दाखवून, किती प्यायचो, कसा सुटलो, आता काय शिकतोय, सगळं. त्यांनी एका फॉर्मवर सहीही घेतली. महिन्याभरात ती जाहिरात झाली. 'व्यसनमुक्त ते सायबर एक्स्पर्ट', खाली वार्षिक सहा लाखांचा आकडा. माझ्याकडे ना नोकरी होती, ना धड शिक्षण.

हे सगळं मी घरी का सांगितलं नाही? चौऱ्याऐंशी हजारांचं घरी कसं सांगायचं म्हणून. हप्त्याच्या तारखेला मी भावाकडून, मित्राकडून उसने घ्यायचो आणि बायकोला पेट्रोल सांगायचो. ती म्हणायची, "अहो, चेहरा असा का?" आणि मी म्हणायचो, झोप झाली नाही. पूर्वी बाटली पाण्याच्या टाकीमागे ठेवायचो. ही लपवालपवी त्याच जातीची होती. एका रात्री रस्त्यातल्या एका बारसमोर गाडी आपोआप हळू झाली, तेव्हा मला घाम फुटला. तिथूनच स्पॉन्सरला, म्हणजे मीटिंगमधल्या मला सांभाळणाऱ्या जुन्या सोबत्याला, फोन लावला.

पाचव्या महिन्यात ऑफर लेटर आलं. बेंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीच्या नावाचं. लॅपटॉपची अनामत म्हणून साडेबारा हजार भरायचे, जॉइन झाल्यावर परत. क्यूआर कोड कुणा एका माणसाच्या नावाचा होता. मी भरले. रात्री झोप येईना म्हणून, जे थोडं शिकलो होतो ते लावून पाहिलं. ज्या पत्त्यावरून मेल आला त्याच्या डोमेनची, म्हणजे @ च्या पुढच्या नावाची, नोंदणी कधीची ते बघितलं. एकोणीस दिवसांपूर्वीची. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं.

मी बायकोला उठवलं आणि सगळं सांगितलं, कर्जासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी तो नंबर लाव." १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला रात्री पावणेदोनला फोन लागला. व्यवहाराचा क्रमांक दिला, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली. साडेबारा हजारांपैकी चार हजार दोनशे पुढच्या खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर निघून गेले होते. सकाळपर्यंत थांबलो असतो तर तेही गेले असते.

मला वाटलं, इथे माझं दुःख संपलं. पुढच्या गुरुवारी मीटिंगनंतर एक पोरगा जवळ आला. सव्वीस वर्षांचा, सिन्नरचा, सुटून सात महिने झालेला. "काका, तुमचा व्हिडिओ बघितला. मीपण ॲडमिशन घेतलं. तीन हप्ते गेले." त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला चप्पल सापडेना.

त्या रात्री मी त्याला काहीच सांगू शकलो नाही. भीती वाटली की हे ऐकून तो पिईल. दुसऱ्या दिवशी स्पॉन्सरला घेऊन सिन्नरला गेलो. त्याच्या आईसमोर बसून सगळं सांगितलं, की मी नोकरीला नाही, मला एक रुपया पगार नाही, त्या जाहिरातीतलं माझ्याबद्दलचं निम्मं खोटं आहे. तो उठून मागच्या दारी गेला. त्याची आई मला म्हणाली, "तुम्ही खरं सांगायला आलात, चहा घेऊन जा." मी आयुष्यात पुष्कळ जणांना दुखावलंय, पण ते नशेत. हे पूर्ण शुद्धीत, मदत करायच्या हौसेने झालं. तो प्यायला नाही. आठ दिवस रोज रात्री दहाला आम्ही फोनवर बोलत होतो.

आता दोघांच्या तक्रारी एकत्र चालू आहेत. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलं, तीस दिवसांत समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही केलाच पाहिजे असं नाही. अर्जात आमचा मोठा आधार आहे तो केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा. कोचिंगवाल्यांनी नोकरीची खोटी हमी द्यायची नाही. विद्यार्थ्याचा फोटो किंवा अनुभव जाहिरातीत वापरायचा तर लेखी संमती हवी, आणि तीही त्याला यश मिळाल्यानंतर घेतलेली. माझी सही पहिल्या आठवड्यातली आहे.

तुम्ही सुटलेले असाल आणि हे शिकायचं असेल तर जरूर शिका. मी थांबलेलो नाही. सुरुवातीचं बहुतेक सगळं फुकट आहे. स्वयम्‌ आणि एनपीटीईएल या सरकारी संकेतस्थळांवर आयआयटीचे कोर्स आहेत, सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचे आहेत. लिनक्ससाठी ओव्हरदवायर या संकेतस्थळावर बँडिट हा खेळ आहे. त्याच्या बाराव्या पायरीला एकच फाइल पुन्हा पुन्हा दाबून गुंडाळलेली असते, ती उलगडायला मला चार संध्याकाळी लागल्या. तेवढा वेळ मिळतो, कुणी रात्री नऊला फोन करत नाही. एक मात्र जपा, दुसऱ्याच्या सिस्टिमवर परवानगीशिवाय हात चालवू नका. आमच्या क्लासमध्ये हे कुणी सांगितलंच नाही, आणि २००० सालच्या आयटी कायद्यात तो गुन्हा आहे. फीसाठी कर्ज घ्यायचंच असेल तर लिंक भरताना शेजारी घरातलं माणूस बसवा, आणि ओटीपी टाकायच्या आधी ते किती पैशांचं आहे ते मोठ्याने वाचा. पैसे गेले आणि प्यावंसं वाटलं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. आधी ती लावा, मग १९३०.

आयोगातली तारीख पुढच्या महिन्यात आहे. सिन्नरचा पोरगा अर्धी रजा टाकून येणार आहे, बायकोही येणार आहे. तो व्हिडिओ दोन ठिकाणांहून निघाला, एका पानावर अजून आहे. काल चौथ्यांदा तक्रार टाकली. निळा चौकड्यांचा शर्ट, मागे हिरवी भिंत, नाशिकच्या बोलीत बोलणारा एक माणूस म्हणतो की या कोर्सने माझं आयुष्य बदललं. तुम्हाला कुठे दिसला तर त्याच्या शब्दावर पैसे भरू नका. तो मी आहे.