पाण्यात विरघळणाऱ्या इलेक्ट्रोलाइट गोळ्या: घामट धावपटूचं मत

उन्हातही लांब धावणं मला सोडवत नाही आणि घाम इतका येतो की टोपीवर मिठाचे पांढरे डाग पडतात. त्यामुळे चवीआधी मी डबीवरचा सोडियमचा आकडाच बघते. या गोळीत तो ३०० मिलिग्रॅम आहे, अर्धा लिटर पाण्यासाठी. तासाभराच्या धावण्यानंतर तेवढं मला पुरतं. त्याहून लांब धावले तर पुरत नाही. मग मी सरळ ओआरएस घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसमध्ये लिटरमागे साधारण १,७०० मिलिग्रॅम सोडियम आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते ग्लुकोज गोडीसाठी नसतं. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. या गोळीत साखर जवळपास नाहीच, ही मला तिची खरी उणीव वाटते.

चव हलकी, लिंबाची. पोट जड होत नाही. पण विरघळताना वायू सुटतो, म्हणून बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावू नका.

धावण्याआधी आणि नंतर वजन करा. घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर, तेही काही तासांत घोट-घोट प्या. नुसतं पाणी भराभर ढोसलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

मी पुन्हा घेईन, छोट्या धावांसाठी.