होमोसिस्टीन उतरलं, तरी बाटलीला अडीचच स्टार

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्यामुळे सप्लिमेंटची बाटली हातात आली की आधी उलटी फिरवून मागचं लेबल वाचते. या कॅप्सूलच्या बाटलीवर पुढच्या बाजूला 'संपूर्ण मिथायलेशन सपोर्ट' असं ठसठशीत छापलंय, म्हणजे शरीरात रेणूंना मिथाइल नावाचा छोटा गट जोडण्याच्या कामाला मदत. मागच्या लेबलप्रमाणे दिवसाच्या दोन कॅप्सूलमधून मिळतं ते असं: मिथाइलफोलेट 400 मायक्रोग्रॅम, मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी12) 1000 मायक्रोग्रॅम, बी6 25 मिलिग्रॅम, रायबोफ्लेविन 10 मिलिग्रॅम आणि बीटेन 1 ग्रॅम.

माझ्या रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल 19 मायक्रोमोल प्रति लिटर आलं होतं (15 च्या वर गेलं की आम्ही रिपोर्टवर खूण करतो) आणि बी12 अगदी तळाला होतं. डॉक्टरांना लेबल दाखवलं, त्यांनी हो म्हटल्यावरच सुरू केली. नंतरच्या तपासणीत आकडा साडेदहावर आला. यावर माझा विश्वास आहे, कारण दोन्ही वेळा सॅम्पल माझ्या डोळ्यांदेखत फिरवलं गेलं. होमोसिस्टीनचं सॅम्पल फार नखरेल असतं. रक्त काढून नळी तशीच स्टँडवर राहिली तर लाल पेशी होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात आणि तासाला साधारण दहा टक्क्यांनी आकडा फुगतो. नळी लगेच बर्फात ठेवायची आणि लवकरात लवकर सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा. म्हणून कुणी 'कॅप्सूलने माझं एवढं उतरलं' म्हणून रिपोर्ट नाचवू लागलं, की मी आधी सॅम्पल कुठे आणि कसं दिलं ते विचारते.

आता हे उतरतं कसं? शरीरात मिथाइल गट वाटण्याचं काम मुख्यतः एसएएम नावाचा रेणू करतो. आपला गट देऊन झाला की त्याचं शेवटी होमोसिस्टीन होतं. त्याला पुन्हा मिथाइल गट देऊन मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल करायला दोन वाटा आहेत. एक फोलेट आणि बी12 ची, ती जवळपास सगळ्या पेशींत चालते. दुसरी बीटेनची, ती मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात. बी6 उरलेल्या होमोसिस्टीनला सिस्टीनकडे वळवतं. म्हणजे या बाटलीने सगळ्या दारांना एकदम हात घातलाय. माझ्या बाबतीत बरंचसं काम एकट्या बी12 ने केलं असणार असा माझा अंदाज आहे, कारण कमतरता त्याचीच होती. पण सगळं एकाच कॅप्सूलमध्ये कोंबल्यावर श्रेय कुणाला द्यायचं ते कळायला मार्ग नाही.

'उत्साह वाढतो, मेंदू तल्लख होतो, हृदय निरोगी राहतं' हे दावे मात्र मला पटले नाहीत. मला तसा काही फरक जाणवला नाही. फरक पडला तो लघवीच्या रंगात, झगझगीत पिवळा. तो रायबोफ्लेविनचा, घाबरू नका. हृदयाचं म्हणाल तर 2006 साली होप-2 चाचणीचे निकाल आले. साडेपाच हजारांवर रुग्णांना सुमारे पाच वर्षं फॉलिक अ‍ॅसिड, बी6 आणि बी12 दिलं. होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकाराचा झटका आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू काही घटले नाहीत. मेंदूसाठी थोडी आशा आहे. ऑक्सफर्डच्या 2010 च्या चाचणीत विसराळूपणा जाणवू लागलेल्या वयस्कर लोकांत मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी तीस टक्क्यांनी कमी दिसला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन मुळात जास्त होतं त्यांना जास्त फायदा झाला. ज्याचा आकडा आधीच नऊ आहे त्याने यातून काय मिळवायचं?

बाटलीबरोबरच्या पत्रकात पिवळ्या आणि तपकिरी उंदरांचा फोटोही आहे. प्रयोग खरा आहे, 2003 चा. गाभण उंदरिणींना फोलेट, बी12, कोलिन आणि बीटेन जास्त दिलं, तर पिल्लं जास्त करून तपकिरी निघाली, कारण एका जनुकावर मिथाइलचे शिक्के वाढले. पण बदल झाला तो पोटातल्या पिल्लांत. मोठ्या माणसाने कॅप्सूल गिळून जनुकं 'सुधारतात' हा अर्थ पत्रक लिहिणाऱ्याने पदरचा घातलाय. गरोदरपणाच्या आधीपासून घ्यायच्या फॉलिक अ‍ॅसिडचा फायदा मात्र पक्का आहे. 1991 च्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असलेल्या स्त्रियांमध्ये तो पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. पण तिथे वापरलं होतं ते साधं फॉलिक अ‍ॅसिड. त्याच्या जागी ही बाटली कुणी परस्पर घेऊ नये.

मुख्य तक्रार बाटलीचीच. पारदर्शक! मिथाइलकोबालामिन उजेडात मोडतं, हे बनवणाऱ्याला ठाऊक नसेल असं होणार नाही. लॅबमध्ये आम्ही बी12 च्या नळ्या उजेडापासून जपतो आणि इथे शेल्फवर ट्यूबलाइटखाली कॅप्सूल मिरवतायत. शिवाय बीटेन हवेतलं पाणी ओढून घेतं. अर्ध्यावर येईस्तोवर कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या आणि एक फोडून पाहिली तर आत गुलाबीसर ढेकूळ. सिलिका जेलची एवढीशी पुडी कुठे पुरणार?

दुसरी तक्रार बी6 ची. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2023 साली मोठ्यांसाठी रोजची वरची मर्यादा 12 मिलिग्रॅम ठरवली आणि इथे त्याच्या दुप्पट आहे. जास्त बी6 दीर्घकाळ घेतलं तर हातापायांना मुंग्या येऊ लागतात आणि नेमकं तेच बी12 च्या कमतरतेचंही लक्षण. पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही चकवा.

पुढची बाटली घेणार नाही. डॉक्टरांना विचारून नुसत्या बी12 वर आलेय, होमोसिस्टीन पुन्हा तपासणार आहे. तुम्हाला घ्यायचीच असेल तर आधी बी12 तपासा, कारण फोलेटने रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका, फोलेटने त्याची रक्तातली पातळी खाली येऊ शकते. अडीच स्टार, त्यातले दोन मागच्या लेबलवर प्रमाणं स्पष्ट लिहिल्याबद्दल.