कॅरमच्या ॲपमधला विकतचा स्ट्रायकर : अडीच स्टार, त्यातले दोन आवाजाचे

स्टार आधीच सांगून टाकतो, पाचपैकी अडीच. आणि त्यातले दोन निव्वळ आवाजासाठी दिलेत. सोंगटी फ्रेमला लागून परत येते तो टक्क आवाज, आणि जाळीत पडते तेव्हाचा बारीक ठप्प, डोळे मिटले ना तर काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या गॅलरीत बसल्यासारखं वाटतं, डोक्यावर लटकलेला पिवळा बल्ब, बोरिक पावडरने पांढरी झालेली पॅन्ट आणि मागे उभं राहून न मागता सल्ले देणारे चारपाच काका. ज्याने कोणी हा आवाज रेकॉर्ड केलाय त्याने खरा बोर्ड खेळलेला आहे एवढं नक्की.

गेमचं नाव लिहीत नाहीये. एक तर कॅरमची असली ॲप प्ले स्टोअरवर भरपूर आहेत, आणि दुसरं म्हणजे मला जे बोलायचंय ते एका ॲपपुरतं नाहीये. चकटफू डाउनलोड, खेळायला पैसे लागत नाहीत, समोर कोणीतरी अनोळखी माणूस, आणि बाजूला दुकान. दुकानात स्ट्रायकर. प्रत्येक स्ट्रायकरच्या खाली तीन पट्ट्या असतात, ताकद, नेम, वेळ. पैसे टाकले की पट्ट्या भरत जातात. म्हणजे सरळ सांगायचं तर विकत मिळणारी ताकद, विकत मिळणारा नेम आणि विकत मिळणारे चारपाच सेकंद.

आता यावर माझा भाचा (एकोणीस वर्षांचा, दिवसरात्र बंदुकीचे गेम) म्हणतो, मामा यात रडण्यासारखं काय आहे, पैसे नको असतील तर रोज खेळ, पेटी उघड, कार्ड गोळा कर, तोच स्ट्रायकर फुकट मिळतो. बरोबर आहे त्याचं, मिळतो. पण मी डोंबिवलीहून लोकल पकडून परळला कामाला जाणारा माणूस, मला खेळायला मिळतात सकाळची चाळीस मिनिटं, तीही बसायला जागा मिळाली तर. त्या हिशोबाने तो स्ट्रायकर पूर्ण भरायला मला पुढची दिवाळी येईल, आणि तोपर्यंत दुकानात त्याच्यापेक्षा भारी दोन नवे आलेले असतील. फुकट मिळतंय म्हणजे वेळ देऊन मिळतंय, आणि मुंबईत वेळ जास्त स्वस्त आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा संध्याकाळी सहाची बदलापूर फास्ट पकडून बघावी.

पण हा मुद्दा खरं तर छोटा आहे. मला जास्त बोलायचंय ते त्या तीन पट्ट्यांबद्दल, कारण लोक तिन्ही एकाच मापात मोजतात आणि तिथेच घोळ होतो.

ताकद घ्या. कॅरममध्ये जोराला कोण विचारतो. ब्रेक (डावाचा पहिला फटका) मारताना आणि समोरच्या फ्रेमवरून सोंगटी परत आणताना जोर लागतो, बाकी सगळा खेळ हलक्या हाताचा. चाळीत जो पोरगा दणादण मारायचा त्याला सगळे हसायचे, कारण सोंगटी भोकाच्या कडेवर आपटून बाहेर यायची आणि स्ट्रायकर आत. ॲपमध्येही तसंच होतं, फुल ताकदीचा स्ट्रायकर घेऊन आलेली माणसं मी आरामात हरवलीयेत. म्हणजे ही पट्टी त्यांनी खुशाल विकावी, माझी ना नाही. वेळेची पट्टी लोकलमध्ये थोडी उपयोगाची, शेजारच्याने धक्का दिला तर सावरायला चारपाच सेकंद जास्त मिळतात, बस.

नेम. इथे सगळं प्रकरण आहे.

साध्या स्ट्रायकरला समोर एक आखूड रेघ दिसते, स्ट्रायकर कुठल्या दिशेला जाणार एवढंच सांगते. महागड्याला ती रेघ लांब होते, आणि सगळ्यात वरच्या लेव्हलला ती सोंगटीला टेकून पुढे फुटते, म्हणजे सोंगटी लागल्यावर कुठे जाणार तेही आधीच काढून दाखवते. भाचा म्हणाला की त्यात काय, पट्टी पाच टक्क्यांनीच तर वाढते. अरे पण पाच टक्के कशाचे?

जरा हिशोब करून बघा, शाळेतली भूमिती आहे, जड नाही. नियमाप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर व्यासाचा, सोंगटी ३.१८ ची. दोघं टेकतात तेव्हा मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर साधारण साडेतीनपेक्षा जरा जास्त. आता समजा स्ट्रायकर ४० सेंटिमीटर लांबून सरळ सोडला आणि बोट फक्त १ अंशाने चुकलं. पोचेपर्यंत स्ट्रायकर ७ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो, वाटतं ना किरकोळ, पण तेवढ्याने सोंगटीची दिशा जवळपास ११ अंशांनी फिरते. पुढे सोंगटीला ३० सेंटिमीटर जायचं असेल तर ती भोकापासून जवळजवळ सहा सेंटिमीटर लांब जाऊन फ्रेमला टेकते. भोक साडेचार सेंटिमीटरचं. म्हणजे एका अंशाची चूक अकरा अंशांची होते, आणि ही अकरा पट डोक्यात बसवायला माणसाची आख्खी मे महिन्याची सुट्टी जाते, एक नाही, पाचसहा सुट्ट्या. कॅरम येतो म्हणजे दुसरं काही नाही, हेच येतं. आणि नेमकं हेच त्या लांब रेघेने फुकटात, सॉरी विकत, देऊन टाकलं.

म्हणून मला ते टक्क्यांचं गणित पटत नाही. भाच्याच्याच भाषेत सांगितलं त्याला, समोरच्याचं आयुष्य १०० आणि तुझ्या गोळीचा डॅमेज २४, तर मारायला पाच गोळ्या लागतात. पाच टक्के बूस्ट घेतला, डॅमेज झाला २५.२, आता चार गोळ्यांत काम. सेकंदाला दहा गोळ्या सुटत असतील तर पहिली शून्याला धरून पाचवी सुटते ०.४ सेकंदाला आणि चौथी ०.३ ला, म्हणजे पाच टक्के विकत घेऊन तुला पंचवीस टक्के लवकर मारता आलं. आणि डॅमेज २६ असता तर पाच टक्क्यांनी काहीच फरक पडला नसता, तेव्हाही चार, आताही चार. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला फ्री फायरमध्ये (त्याचा बंदुकीचा गेम) पण बंदुकीच्या स्किनवर, म्हणजे विकतच्या रंगरूपावर, डॅमेज प्लस, रीलोड मायनस असं असतंच की, सगळे चालवून घेतात. चालवून घेतात हे खरंय.

बरं मी नुसता तोंडाची वाफ दवडणारा नाही, मी पैसे टाकून बघितले. चारशे रुपयांच्या आत बसला तो स्ट्रायकर, बायकोला सांगितलं की रिचार्ज संपलं होतं. (आता वाचलंच असशील तर सॉरी.) आधी साध्या स्ट्रायकरने ५० गेम खेळलो, मग विकतच्याने ५०, आणि डायरीत टिपून ठेवलं. साध्याने २७ जिंकलो, विकतच्याने ३३. आता इथे कोणी म्हणेल बघा सहा जास्त, झालं सिद्ध. तर नाही, ५० गेममध्ये एवढा वरखाली फरक नुसत्या नशिबानेही पडतो, नाणं उडवून बघा पन्नास वेळा. शिवाय जिंकायला लागलो तसा ॲप मला वरच्या लेव्हलची माणसं द्यायला लागला, तिथे सगळ्यांकडे तोच लांब रेघेचा स्ट्रायकर. त्यामुळे जिंकण्याहरण्याच्या आकड्यावरून हे कधी कळणारच नाही. ॲपवाल्यांना नेमकं हेच सोयीचं आहे, ते म्हणू शकतात की बघा, पैसे देणारा पण निम्मेच गेम जिंकतो, मग कसलं पे टू विन, म्हणजे पैसे टाकून जिंकणं? अहो निम्मेच जिंकणार ना, तुम्ही त्याला उचलून अशा टेबलावर बसवलंत जिथे तो निम्मे जिंकेल. पण तो ज्या टेबलावर बसलाय तिथे पैसे न टाकता आला असता का, ते सांगा.

मला खरा फरक कळला तो दुसऱ्याच गोष्टीत. कट मारताना. बेसलाइनजवळची (जिथून स्ट्रायकर मारतात ती रेघ) सोंगटी बारीक कापून बाजूच्या भोकात घालणं हा माझा लहानपणापासूनचा कच्चा शॉट, दहात तीनचार बसतात. विकतच्या स्ट्रायकरने दहात सातआठ बसायला लागले. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी सोंगटीकडे बघतच नाहीये, रेघेकडे बघतोय. रेघ भोकात नेऊन ठेवायची आणि बोट सोडायचं. बोअर झालं राव. राणी आणि कव्हर (राणीनंतर लगेच घालावी लागणारी आपली सोंगटी) एका दमात घेतलं तरी काही वाटेना, जसं दुसऱ्याने सोडवलेलं शब्दकोडं आपण नुसतं शाईने गिरवतोय.

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते मी हसण्यावारी नेत नाही, की खऱ्या खेळात पण पैसेवाल्याकडे चांगलं सामान असतंच. असतंच. आमच्याकडे एकाचा स्ट्रायकर इतका गुळगुळीत होता की तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. पण इंटरनॅशनल कॅरम फेडरेशनच्या नियमात स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर चालत नाही, तुम्ही कितीही महागाचा आणा. पोहण्याचं बघा, २००८ मध्ये तो अंगाला चिकटणारा स्पीडोचा एलझेडआर सूट आला, मग दुसऱ्या कंपन्यांनी त्याहून भारी पॉलियुरेथेनचे काढले, आणि २००९ च्या रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४३ विश्वविक्रम पडले. त्रेचाळीस! तिथेच २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये मायकल फेल्प्स हरला, पॉल बीडरमानकडून, ज्याच्या अंगात नवा सूट होता. फेल्प्सला काय पोहता येत नव्हतं का. १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद. म्हणजे खेळ चालवणाऱ्यांना जेव्हा दिसलं की आता सूट पोहतोय, माणूस नाही, तेव्हा त्यांनी रेघ मारली. ॲपमध्ये रेघ मारणारा आणि रेघ विकणारा एकच आहे, हा सगळा फरक.

आणि गेमवाल्यांना हे समजत नाही असंही नाही. २०१७ मध्ये ईए या गेम कंपनीने स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू काढला तेव्हा पेट्यांमधून निघणाऱ्या कार्डांनी खेळाडूची ताकद वाढायची, लोक एवढे खवळले की गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी कंपनीने पैशाची खरेदीच बंद केली, आणि पुढच्या वर्षी परत सुरू केली ती फक्त दिसण्याच्या गोष्टींसाठी. डोटा टू या ऑनलाइन लढाईच्या गेममध्ये सगळे हिरो सगळ्यांना फुकट, विकायचे ते कपडे. बुद्धिबळाच्या साइटला पैसे दिले तर धडे मिळतात, जादाचा वजीर नाही मिळत. माझ्या ॲपने पण मला सोनेरी सोंगट्या, गणपतीतला लाल बोर्ड, फटाके फुटणारी राणी विकली असती तर मी खरंच घेतलं असतं, हौसेला मोल नसतं.

बाकी फटाफट. जाहिराती : दर दोन गेमनंतर एक, आणि क्रॉसचं बटण तांदळाच्या दाण्याएवढं. नेटवर्क : लोकलमध्ये सिग्नल गेला की टर्न जाते, दोनदा गेली की गेम जातो, परत जोडायला संधी देतात पण तेवढ्यात समोरच्याने राणी खाल्लेली असते. बॅटरी : बरी आहे. लहान मुलांच्या हातात देताना फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावा, कारण दुकानाचं बटण बरोब्बर "पुढचा गेम" च्या शेजारी ठेवलंय. आणि कोणीतरी विचारणार म्हणून, ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात हे येत नाही का, तर त्या कायद्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर आहे. हा गेम फक्त घेतो, देत काही नाही, म्हणून त्याच्यावर बंदी नाही. मजा आहे ना.

घ्यावा का? फुकटचा खेळा, आवाजासाठी. स्ट्रायकर घेऊ नका, घ्यायचाच असेल तर ताकदीचा घ्या म्हणजे निदान दुसऱ्याचं नुकसान नाही.

मी अजून डिलीट केलेला नाही, कारण चाळ रिकामी झाल्यावर आमचे चौघे चार दिशांना गेलेत, विरार, कळंबोली, मी डोंबिवली आणि एकजण थेट दुबईला, आणि रविवारी रात्री साडेदहाला आम्ही ॲपमध्ये मित्रांचं टेबल लावतो. तिथे सगळ्यांना सारखा स्ट्रायकर असं काही बटण नाहीये (अर्धा स्टार तिथेच कापलाय), म्हणून आम्ही तोंडी ठरवलंय की सगळ्यांनी फुकटचाच घ्यायचा. दुबईवाला दर वेळी बदलायला विसरतो. विसरतो म्हणे. मग आम्ही फाऊल धरतो, पण ॲपमध्ये दंड म्हणून घातलेली सोंगटी परत बोर्डावर ठेवायची सोय नाही, त्यामुळे त्याने पुढचा एक शॉट मुद्दाम रिकाम्या कोपऱ्यात मारायचा असं ठरलंय, आणि गेल्या रविवारी त्या रिकाम्या कोपऱ्यातून सुद्धा फिरवून त्याने आपली काळी घातली, तेव्हापासून ग्रुपवर भांडण चालू आहे की हे धरायचं की नाही.