ऑटो ब्रेकवाली गाडी: चौदा महिने बीड-संभाजीनगर चालवून आलेला अनुभव

दिवाळीपासून तीन पाहुण्यांनी एकच विचारलं, ते गाडी आपोआप ब्रेक मारते म्हणतात ते खरं आहे का, का नुसतं शोरूमवाल्याचं बोलणं. म्हणून एकदाच सविस्तर लिहायलो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण थोड्याफार फरकानं हे सगळ्याच गाड्यांना लागू आहे.

खरं आहे. गेल्या हिवाळ्यात संभाजीनगरहून बीडला यायलो होतो, गेवराई सोडली, गढीच्या अलीकडं स्पीड पन्नास-पंचावन्न असेल. उजवीकडून कंटेनर घासून चालला होता म्हणून माझं लक्ष आरशात, अन् तेवढ्यात पुढची काळीपिवळी जीप पॅसेंजर दिसला म्हणून गच्चकन थांबली. मला काही कळायच्या आत मीटरवर लाल गाडीचं चित्र आलं, जोरात बीप वाजलं अन् माझा पाय ॲक्सिलेटरवरून उचलायच्या आधीच ब्रेकचं पेडल खाली गेलं. खालून एबीएसचं (जोरात ब्रेक लागला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टिम) कडकडकड ऐकू आलं, बेल्ट छातीला रुतला, मागच्या सीटवरचा आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या सीटखाली येऊन पडला. गाडी थांबली तेव्हा जीपच्या मागच्या शिडीत अन् आमच्या बोनेटमधे हातभर अंतर. बायको दोन मिनिटं काहीच बोलली नाही.

हे चालतं कसं ते मी नंतर मॅन्युअल काढून नीट वाचलं. आरशाच्या मागं काचेला चिकटलेला कॅमेरा असतो, तो पुढं गाडी आहे का माणूस का सायकल हे ओळखतो. बंपरमधे किंवा जाळीत रडार असतं, ते अंतर किती अन् ते किती झपाट्यानं कमी व्हायलंय हे मोजतं. दोन्हीवरून काॅम्प्युटर हिशोब लावत राहतो की असंच चाललं तर किती सेकंदात धडक बसेल. आधी आवाज, मग हलका ब्रेक, तरी आपण काही केलं नाही तर पूर्ण ब्रेक. एबीएसचाच पंप प्रेशर तयार करतो, वेगळा ब्रेक नसतो. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, अन् आपला पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद सहज जातो, म्हणजे २५-३० मीटर नुसते बघण्यात गेले. मशीन ते मीटर वाचवतं, बस एवढंच. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला हे सक्तीचं आहे.

आता आपल्या भागातली खरी गोष्ट. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री माजलगाव रोडला उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूला वीतभर बाहेर आलेला. कॅमेरा शिकलेला असतो गाडीचा मागचा आकार, लाईट, नंबरप्लेट यावर. उसाचा डोंगर अंधारात त्याला गाडी वाटेलच असं नाही. अन् जागेवर उभी वस्तू मोठ्या स्पीडला बऱ्याच सिस्टिम सोडून देतात, नाहीतर प्रत्येक पुलाला अन् बोर्डाला ब्रेक लागला असता. एका रात्री बंद पडलेली ट्रॉली मला दिसली, गाडीला दिसली नाही, ना बीप ना लाईट, मीच दाबला ब्रेक. तेव्हापासून रात्री त्या रोडला ६० च्या वर जात नाही.

कोजागिरीला तुळजापूरला पायी निघालेले लोक असतात, तिथं तर अजिबात भरवसा ठेवू नका. अमेरिकेतल्या इन्शुरन्सवाल्यांच्या आयआयएचएस संस्थेनं २०२२ मधे तपासलं, माणसं ओळखणाऱ्या ब्रेकमुळं पादचाऱ्यांचे अपघात २७ टक्के कमी दिसले, पण लाईट नसलेल्या अंधाऱ्या रोडला काहीच फरक नाही. अन् आपल्याकडं हायवेला लाईट आहेत कुठं.

विनाकारण ब्रेक चौदा महिन्यात दोनदा लागला, दोन्ही वेळा वळणावर समोरून येस्टी आली तेव्हा. मागं ट्रक असता तर काय, हा विचार अजून जात नाही. सेन्सिटिव्हिटी मधल्यावर ठेवली तेव्हापासून बरंय. काचेवर धूळ, चिखल बसला की कॅमेरा बंद असा मेसेज येतो, त्यामुळं रोज सकाळी आरशासमोरची काच ओल्या फडक्यानं पुसतो.

सगळ्यात मनस्ताप काच बदलताना झाला. खडा लागून तडा गेला, एका वर्कशॉपनं नवी काच बसवली अन् कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर परत मोजून सरळ लावणं, ते न करताच गाडी दिली, वर म्हणाले होईल आपोआप ॲडजस्ट. आठ दिवस मोकळ्या रोडला बीप वाजत होतं अन् पुढं गाडी आल्यावर गप्प. मग दुसरीकडं नेली, त्यांनी सपाट फरशीवर गाडी उभी करून, चाकांची हवा सारखी करून, समोर चौकटीचा बोर्ड मोजून ठेवला अन् लॅपटॉप लावला. दोन तास लागले. काच बदलली तर बिलावर कॅलिब्रेशन लिहून घ्या, त्याशिवाय चावी घेऊ नका.